खाली खानावळ, वर खोली

आपल्या घरांतून प्रवास काही कमी होत नाही. दसऱ्याला नागपूर, सहा डिसेंबरला दादर, एखाद्या वर्षी महू, शिवाय लग्नकार्याला मुंबई, पुणे, सुरत. पण या सगळ्या प्रवासात रात्र कुठे काढली असे विचारा, उत्तर ठरलेले आहे. मंडपात, शिवाजी पार्कच्या मातीवर, मलकापूरच्या फलाटावर, नाही तर नातेवाइकाच्या दहा बाय दहाच्या खोलीत आठ जणांत नववे होऊन. पैसे मोजून, किल्ली हातात घेऊन, आपल्या कुटुंबाने अनोळखी गावात एक रात्र राहावे, हे आपल्यात अजून थोड्याच घरांनी केले आहे. कारण विचारले की 'परवडत नाही' म्हणतात. ते खरेच आहे. पण वाचकहो, पैसा हे एकच कारण नाही, आणि या वेळी आम्हाला त्या दुसऱ्या कारणाविषयीच लिहायचे आहे.

विषय निघाला तो आमच्या भाच्यामुळे. शिकण्यासाठी तो इंग्लंडला गेला आणि सुट्टीत यॉर्क नावाचे जुने शहर पाहायला गेला. रोमन सैन्याने इसवी सन 71 मध्ये तिथे ठाणे वसवले, तेव्हापासूनचे ते गाव. आजही भोवती दगडी तटबंदी आहे आणि तिच्यावरून कोणालाही फुकट फेरी मारता येते. एका अरुंद गल्लीत जुनी लाकडी घरे अशी पुढे झुकलेली आहेत की वरच्या मजल्यांवरच्या माणसांनी हात लांबवले तर एकमेकांच्या हाताला लागतील. अशा गावात हॉटेल महाग असणारच. विद्यार्थ्याच्या खिशाला ते कुठून परवडणार! म्हणून तो पबच्या वरच्या खोलीत राहिला.

पब म्हटल्यावर आमच्या घरी मंडळी दचकली. दारूच्या गुत्त्यावर मुलगा राहिला की काय! तसे नाही. पब म्हणजे 'पब्लिक हाऊस', लोकांसाठी उघडे घर. दारू तिथे मिळते हे खरे, पण जेवण, चहा, कॉफीही मिळते आणि म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बायाही दुपारी बसलेल्या असतात. आपला भाचा चहाच घेत होता असे त्याने शपथेवर सांगितले, आम्ही विश्वास ठेवला. पूर्वी तिकडे घोडागाड्यांचा प्रवास होता. वाटेत घोडे बदलायचे, माणसांनी जेवायचे आणि वरच्या मजल्यावर झोपायचे, अशी ही मुक्कामाची ठिकाणे. आगगाडी आली, घोडागाड्या गेल्या, तरी अनेक ठिकाणी खाली खानपान आणि वर खोल्या हा प्रकार राहिला. लिफ्ट नाही, जिना चिंचोळा, जमीन जरा कललेली, खोली एवढीशी आणि खालचा गलबला रात्री उशिरापर्यंत वर येतो. म्हणूनच ती स्वस्त. सकाळी मात्र अंडी, भाजलेला पाव आणि सॉसमध्ये शिजवलेल्या घेवड्याच्या बिया, असा पोटभर नाष्टा.

थोडक्यात, आपल्या तालुक्याच्या गावी बसस्थानकासमोर असते तेच. खाली खानावळ, वर लॉज.

भाच्याने फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली आणि आमच्या डोक्यात तीच राहिली. काउंटरवरच्या बाईने त्याचे नाव आणि देश विचारला, लिहून घेतला, किल्ली दिली. नाव आणि राष्ट्रीयत्व लिहून ठेवणे तिथल्या हॉटेलवाल्यांना 1972 च्या एका सरकारी आदेशाने बंधनकारकच आहे. आडनाव ऐकून बाईच्या कपाळावर आठी पडली नाही. पडणार कशी, त्या आडनावाचा अर्थ तिला ठाऊकच नव्हता. 'मामा, इतकं हलकं वाटलं!' असे तो म्हणाला.

हलके का वाटले, हे आपल्या कोणत्याही घरात समजावून सांगावे लागत नाही.

बाबासाहेब 1917 मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले, तेव्हा ते अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून आलेले होते. वय 26. गावात राहायला जागा मिळेना, म्हणून पारशांच्या एका सरायीत गेले. अंगात सदरा आणि कस्ती नाही हे पाहून राखणदाराने ओळखले की हे पारशी नव्हेत. शेवटी नोंदवहीत खोटे पारशी नाव लिहायचे असे ठरले आणि खोली मिळाली. राहणे-जेवण मिळून दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, बाजूला मोडक्या बाकड्या-खुर्च्यांनी भरलेला मोठा दिवाणखाना, रात्री एक कंदील आणि वटवाघळे. हा सारा मजकूर बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव जिना चढून आला आणि संध्याकाळपर्यंत सराय सोडण्यास त्यांना बजावले. ओळखीच्या दोघांकडे जागा मागितली, दोघांनीही अडचण सांगितली. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून आपल्याला वंदनीय आहे. पण आम्हाला नेहमी त्या नोंदवहीची आठवण होते. मालकाला दीड रुपया चालत होता, नाव चालत नव्हते.

तेच बाबासाहेब 1921-22 मध्ये लंडनला किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरात राहिले. तिथे त्यांना राहायला खोली मिळाली, बडोद्यात, आपल्या देशात, आपल्याच नोकरीच्या गावात मिळाली नाही. ते घर महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये विकत घेतले आणि आता तिथे स्मारक आहे. लंडनला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ते जरूर पाहावे.

म्हणून इंग्लंड म्हणजे स्वर्ग असे मात्र कोणी समजू नये. 1943 साली लिअरी कॉन्स्टंटाईन हा वेस्ट इंडीजचा नामांकित क्रिकेटपटू पत्नी आणि मुलीसह लंडनच्या इंपिरियल हॉटेलात उतरला. खोल्या आधी राखून ठेवलेल्या होत्या. तरी हॉटेलवाल्यांनी सांगितले, एकच रात्र राहा, काळा माणूस आमच्या अमेरिकन पाहुण्यांना चालणार नाही. कॉन्स्टंटाईन गप्प बसला नाही, कोर्टात गेला. पैसे देणाऱ्या, नीट वागणाऱ्या वाटसरूला सरायवाल्याने सबळ कारणाशिवाय परत पाठवू नये, असा इंग्लंडचा फार जुना दंडक आहे. त्याच आधारावर 1944 मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. भरपाई किती? पाच गिनी! पण निकाल तो निकाल. वर्णभेदाविरुद्धचा पहिला कायदा तिकडे 1965 मध्ये झाला. आपल्या संविधानात मात्र 15 व्या कलमात हॉटेल आणि उपाहारगृह हे शब्द 1950 पासूनच लिहिलेले आहेत. ते का लिहावे लागले, हे लिहिणाऱ्याला बडोद्यापासून ठाऊक होते.

त्याही आधी, 4 ऑगस्ट 1923 रोजी, रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. चवदार तळ्यामुळे आपल्याला त्यातले पाणवठे आठवतात. पण त्या ठरावात सरकारी पैशाच्या धर्मशाळाही होत्या. आपला बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, म्हणून तो ठराव आपल्या आजोबांच्या कामी आला नाही. त्यांच्या वाट्याला झाडाचा बुंधा आणि ओळखीच्या वस्तीतली ओसरीच आली. पंढरपूरला गाडगेबाबांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली ती याच अडचणीपोटी. वऱ्हाडच्या या माणसाला ठाऊक होते की थकल्या माणसाला देवाआधी अंथरूण लागते. ती धर्मशाळा पुढे 1949 मध्ये त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली.

आता आमच्या मुक्कामाकडे येतो. भाच्याचे ऐकून घरात ठरले की आपणही एक रात्र कुठेतरी राहायचे. यॉर्क नको, आपले सिंदखेडराजा पुरे! जिजाऊंचे जन्मगाव, आपल्याच जिल्ह्यात, आणि आमच्या घरातल्या तिघांनी ते धावत्या एस.टी.च्या खिडकीतूनच पाहिलेले. आम्ही, घरची मंडळी, दोन मुले आणि आमची आई असे पाच जण निघालो. आईचे वय पंचाहत्तरच्या पुढे, तिला एस.टी. फुकट. घरच्यांना बायकांच्या सवलतीमुळे अर्धे तिकीट. वाचकहो, हा हिशेब लक्षात घ्या. जीप भाड्याने करून एका दिवसात पाच ठिकाणे पाहून मध्यरात्री परत येण्यात जे पैसे जातात, त्यात एस.टी.ने जाऊन एक रात्र सहज राहता येते.

लॉज म्हणजे तेच, खाली खानावळ, वर खोल्या. कोणत्या गावात आणि कोणता, ते सांगत नाही, कारण जाहिरात करायची नाही आणि बदनामीही नाही. काउंटरवर पन्नाशीचा एक माणूस होता. त्याने आधार कार्डे मागितली. आमचे कार्ड वाचले, वर पाहिले, पुन्हा कार्ड पाहिले.

'कोणत्या समाजाचे म्हणायचे आपण?'

खोलीचा आणि समाजाचा काय संबंध, असे आम्ही विचारणार होतो. पण मुले शेजारी उभी होती आणि त्यांनी या प्रश्नाचे उत्तर ऐकावे असे वाटले.

'बौद्ध,' आम्ही म्हणालो.

त्याने 'बरं' म्हटले, रजिस्टर पुढे सरकवले, सही घेतली आणि किल्ली दिली. नऊशे रुपये खोलीचे आणि जादा गाद्यांचे दोनशे. पुढे काहीही झाले नाही. वाचकांना यात काही विशेष वाटणार नाही. पण खोलीत गेल्यावर आमची आई खाटेच्या अगदी कडेला बसली, पदर सावरून, जणू कोणी उठवायला येणारच आहे. मुले बाहेर गॅलरीत गेल्यावर तिने हळू आवाजात विचारले.

'खरं आडनाव लिवलं का रे?'

'लिहिलं ना.'

'मंग? काही बोल्ला नाही?'

'नाही बोलला.'

थोड्या वेळाने तिने पाय वर घेतले. मग तिच्याकडून आम्हाला पहिल्यांदाच कळले की तिच्या लहानपणी, कापूस वेचायला परगावी जाताना, तिचे वडील सगळ्यांना बजावून ठेवत, 'आडनाव इचारलं तं गावाचं नाव सांगाचं.' इतकी वर्षे ही गोष्ट तिने आम्हाला कधी सांगितली नव्हती. सांगण्यासारखी वेळ आली नव्हती, कारण अशा खोलीत आम्ही तिला कधी आणलेच नव्हते. 'परवडत नाही' या शब्दाच्या आड काय काय दडलेले असते ते पाहा.

रात्री खानावळीत ज्वारीची भाकर, शेवभाजी आणि मिरचीचा ठेचा. आई दोन भाकरी जेवली. खोलीत उकडत होते, पंखा कुरकुरत होता, खाली भांड्यांचा आवाज साडेअकरापर्यंत चालू होता. यॉर्कच्या पबात आणि इथे एवढे साम्य निश्चित!

मुक्कामाचा फायदा मात्र सकाळी कळतो. सिंदखेडराजाचा लखुजीराव जाधवांचा राजवाडा उन्हं चढायच्या आत पाहावा. रस्त्यालगतचा तो उंच दरवाजा, आत जिजाऊंचे जन्मस्थान. तारीख 12 जानेवारी 1598. त्या दिवशी दरवर्षी लाखोंची गर्दी असते आणि आसपासच्या गावांतही खोली मिळत नाही. ज्यांना गर्दी हवी त्यांनी तेव्हा जावे, ज्यांना गाव पाहायचे आहे त्यांनी दुसऱ्या दिवशी जावे. राजवाड्याहून आम्ही लखुजीरावांच्या समाधीकडे गेलो. भलीमोठी, घुमटाची इमारत आहे. 1629 मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारात लखुजीराव, त्यांचे दोन मुलगे आणि एक नातू अशा चौघांना दगाबाजीने मारले. एकाच घरातले तीन पिढ्यांचे पुरुष एकाच दिवशी गेले. जिजाऊंच्या पोटी शिवराय आले ते त्याच्या पुढच्या वर्षी. आमच्या घरचे तिथे बराच वेळ उभे होते. जीपवाला हॉर्न वाजवत नव्हता म्हणून उभे राहता आले.

मोती तलाव, चांदणी तलाव आणि पुतळा बारव ही तीन ठिकाणे चुकवू नका. जमिनीत पायऱ्यांनी खाली उतरत जाणारी ती विहीर आणि तिच्या भिंतींवरच्या लहान लहान मूर्ती पाहिल्यावर आमच्या मुलाने विचारले, 'इथलं पाणी आपल्याला प्यायला देत होते का?' उत्तर त्याच्या आजीने दिले. ती म्हणाली, 'पायरीवर बस आता, निवांत.' आणि स्वतःही बसली.

आता थोडे कायद्याचे, कारण मुक्कामाला निघताना हे ठाऊक हवे. अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा 1955 चा. 1976 पासून त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेल, धर्मशाळा, सराय, मुसाफिरखाना हे शब्द नावानिशी आहेत. अस्पृश्यतेच्या कारणावरून तिथे प्रवेश नाकारला किंवा भांडीकुंडी वापरू दिली नाहीत तर तो गुन्हा आहे, कमीत कमी एक महिन्याची कैद आणि दंड. पण कॉन्स्टंटाईनला हॉटेलवाल्यांनी कारण तोंडावर सांगितले होते, आज तसे कोणी सांगत नाही. 'फुल्ल आहे' म्हणतात. समोर खिळ्यांना दहा किल्ल्या लटकत असतात आणि तरी फुल्ल! म्हणून आम्ही एक करतो, तुम्हीही करा. निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून पूर्ण नावानिशी खोली सांगून ठेवा आणि मोबाइलवर तसा निरोप मागून घ्या. भाडे, जादा गादी, गरम पाणी, सारे आधीच ठरवा. पक्की पावती घ्या. जागेवर गेल्यावर खोली नाकारली तर तो निरोप हातात असतो. पोलीस ठाण्यात रिकाम्या हाताने गेलेला माणूस आणि कागद घेऊन गेलेला माणूस यांना मिळणारी वागणूक वेगळी असते, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

आणि कृपा करून रजिस्टरवर खरे आडनाव लिहा. काही शिकलेली, पगारदार मंडळी अजूनही अर्धे नाव सांगून वेळ मारून नेतात. त्यांच्या भीतीला आम्ही हसत नाही, तिची पाळेमुळे आम्ही आमच्याच घरात पाहिली. पण शेजारी उभी असलेली मुले ते नाव ऐकत असतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही लोणारला गेलो. सुलतानपूरवरून फाटा आहे. आकाशातून पडलेल्या अशनीने काळ्या पाषाणात केलेले ते विवर, काठापासून काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर. 2020 च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर चर्चा झाली. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे तो रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासून सांगितले. त्याच वर्षी हे सरोवर रामसर यादीत आले. खाली उतरायचे तर सकाळीच उतरा, परत चढताना दम लागतो. म्हाताऱ्या माणसांना वरच्या काठावरूनच दाखवा. प्यायचे पाणी बरोबर घ्या, सरोवराचे पाणी पिण्याजोगे नाही. गावातले दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर पाहून मगच परतीची गाडी धरा. मुक्कामाला लोणारमध्ये पर्यटन महामंडळाचे निवास आहे आणि साधे लॉजही आहेत.

एक वाचक-भगिनी विचारतात, संग्रामपूर तालुक्यात भोनला जायचे आहे, तिथे राहण्याची सोय काय? पूर्णेच्या काठी भोनला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष सापडले. ती जागा जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येते, तेव्हा पाहायची तर लवकर पाहावी. मुक्काम शेगावला करावा. तिथे सर्व प्रकारची निवासे आहेत, रेल्वे स्टेशनही आहे. भोनला सकाळी जाऊन दुपारी परत येता येते. शिदोरी मात्र बरोबर ठेवावी.

अजिंठ्याला जायचे असेल तर फर्दापूरचा मुक्काम बरा की सिल्लोडचा, असेही काहींनी विचारले आहे. त्याविषयी पुढच्या अंकी लिहू. तोवर ज्यांनी कुटुंबासह कुठे मुक्काम केला असेल त्यांनी भाडे, जेवण आणि रजिस्टरवरचा अनुभव तीन-चार ओळींत कळवावा. जयभीम.